पुढचं पान गिऱ्हाईकाबरोबर गेलं

प्रश्न, थोडक्यात: अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं सहा पानी पत्र आलंय. वय ३९, एका पतसंस्थेत रोखपाल. गेल्या चार वर्षांत त्यांनी ११ कथा लिहिल्या आहेत, ही गोष्ट घरात फक्त नवऱ्याला माहीत. मागच्या उन्हाळ्यात त्या जळगावला एका लेखन शिबिराला गेल्या. ओळखीच्या फेरीत जो तो लहानपणच्या वाचनावर बोलत होता. कुणाच्या घरी पुस्तकांचं कपाट, कुणाचे आजोबा दर महिन्याला अंक आणणारे, कुणी दहाव्या वर्षीच गावचं वाचनालय संपवलेलं. ताईंच्या माहेरी पुस्तक नव्हतंच. वडिलांचं खेड्यात किराणा दुकान, आणि छापील कागद म्हणजे पुड्या बांधायची रद्दी. ताईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, 'आमच्याकडे अण्णांचा मोठा ग्रंथसंग्रह होता.' सगळ्यांनी माना डोलावल्या. आता तिथल्याच एका ज्येष्ठ लेखकांनी आपल्या दिवाळी अंकासाठी 'माझं बालपणीचं वाचन' या विषयावर ८०० शब्द मागितलेत. ताई विचारतात, थाप पुढे चालवू, खरं लिहू, की जमत नाही म्हणून कळवू? आणि वाचायचं वय तर गेलं, मग लेखक व्हायची भाषा आपल्या तोंडी शोभते का? 'लेकीचं तरी असं होऊ नये' म्हणून त्यांनी १० वर्षांच्या मुलीला तीन हजारांची पुस्तकं आणून दिली आणि रोज २० पानं नेमून दिली. मुलगी आता पुस्तक पाहिलं की रडते.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अण्णांच्या ग्रंथसंग्रहावर हसलो, माफ करा. दुसऱ्यांदा चौथ्या पानावर थांबलो. तिथे तुम्ही कंसात एक वाक्य टाकलंय: 'रद्दीतलं पान अर्धवटच असायचं, मग पुढचं मी माझ्या मनाने धाकट्या भावाला सांगायचे, ते ऐकल्याशिवाय तो झोपायचा नाही.' आणि कंस पुरा करून लगेच, 'असो, मुद्दा असा की आमच्या घरी वाचनाचं वातावरण नव्हतं.'

त्या 'असो'वर माझा सगळा आक्षेप आहे. पण त्याच्याकडे मागून येतो.

आधी ती ओळखीची फेरी. माणूस लिहायला लागल्यावर त्याला कुणीतरी विचारतं, तुम्ही लेखक कसे झालात? मग तो मागे वळून बघतो आणि जे हाताला लागेल ते उचलतो. कपाट होतं तर कपाट, आजोबा होते तर आजोबा. खोटं नसतं ते, पण निवडलेलं असतं. ज्यांनी लहानपणी तेच कपाट वाचलं आणि पुढे विमा कंपनीत नाहीतर सिंचन विभागात गेले, त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यामुळे आपल्या कानावर फक्त एका बाजूच्या गोष्टी येतात आणि आपण समजतो, कपाट असेल तरच लेखक. त्यात जळगावच्या साहित्यिक मंडळींना कोवळ्या वयाचं कौतुक पहिल्यापासूनच. १९०७ साली तिथल्या कविसंमेलनात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, ती त्यांच्या नावालाच चिकटली. ३९व्या वर्षी पतसंस्थेतून रजा काढून येणाऱ्या बाईला द्यायला तशी पदवी अजून कुणी शोधलेली नाही.

माझंही सांगतो. मी शिकलो त्या शाळेत काचेचं एक कपाट होतं. शाळेचं नाव राहू द्या. किल्ली कायम हेडसरांच्या खिशात. पुस्तकं खराब होतील म्हणून ती द्यायची नाहीत, असा तिथला नियम होता. मधल्या सुट्टीत आम्ही काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायचो. सगळी पाठ होती, क्रमाने. आतलं एकही पान पाहिलं नव्हतं. आणि तरी, मोठेपणी दोन सत्कारांत मी 'शाळेच्या ग्रंथालयाने मला घडवलं' असं माइकवर बोललोय. तेव्हा थापेच्या बाबतीत माझ्याकडून फार कडक निकालाची अपेक्षा ठेवू नका.

आता रद्दीकडे या. तुम्ही लिहिलंय की अण्णा तालुक्याहून किलोवर रद्दी आणायचे. रविवारच्या पुरवण्या, तपासून झालेले परीक्षेचे पेपर, कुणाची तरी जुनी पाठ्यपुस्तकं, कधीमधी दिवाळी अंक. दिवाळी अंक निघाला की अण्णा खूश, कारण कागद टणक, त्यात गूळ बांधला तरी फाटत नाही. संध्याकाळी गर्दीच्या वेळी तुम्ही गल्ल्याशेजारी पोत्यावर बसून चौकोन फाडायचे, पुडी वळायची, दोरा गुंडाळायचा. वळता वळता जेवढं दिसेल तेवढं वाचायचं. आणि आतून मायची हाक, 'पह्यले पुडी बांध, मंग वाच!'

त्यातलं ते एक पान तुम्हाला अजून आठवतं. रात्रीची शेवटची एसटी चुकलेला माणूस, रिकामा स्टँड, शेजारी येऊन बसलेली अनोळखी बाई, तिच्या मांडीवर पितळी डबा. 'तिने झाकण उघडलं आणि' इथे पान संपलं. पुढचं पान पाव किलो शेंगदाण्यांबरोबर गिऱ्हाईक घेऊन गेलं. त्या रात्री भावाने गोधडीतून विचारलं, 'मंग काय व्हयनं, अक्का?' आणि तुम्ही सांगितलंत.

ताई, वाचनाचं वातावरण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तुमच्याकडे रोज नवा मजकूर येत होता. तो हातातून निसटायच्या आत वाचायची घाई होती. आणि ऐकणारं एक माणूस होतं, ज्याला शेवट हवाच होता. कपाटवाल्या मुलांना शेवट आयता मिळायचा. तुम्हाला तो रोज रात्री करावा लागला. पत्रासोबत पाठवलेल्या दोन कथा मी वाचल्या, त्यांत ही सवय स्वच्छ दिसते. दोन्ही कथा मधूनच सुरू होतात, कसलीही प्रस्तावना न करता. 'बाबा उठले तेव्हा बैल दारात नव्हता.' अशी सुरुवात पुष्कळ लेखकांना वर्षानुवर्षं साधत नाही. तुम्हाला ती साधते, कारण तुम्ही वाचलेल्या प्रत्येक पानाची सुरुवात अर्ध्या वाक्यातून व्हायची.

पण तुम्हाला खूश करून पाठवायचं नाहीये. त्याच कथांत जे नाही, तेही रद्दीमुळेच नाही. तुमची माणसं पहिल्या पानावर असतात तशीच शेवटच्या पानावर असतात. मधे काही घडतं, मग घाईने शेवट येतो, पुडी बांधून गिऱ्हाईकाच्या हातात. एखाद्या माणसाचा स्वभाव दीडशे पानांत हळूहळू कसा सरकतो, पहिल्या प्रकरणात सहज आलेली गोष्ट नवव्यात कशी परत येते, हे चौकोनी कागदावरून कळायला मार्ग नव्हता. ते अखंड पुस्तकंच शिकवतात आणि ती तुम्हाला वाचावी लागतील. लहानपणी राहिली म्हणून नव्हे, आत्ताच्या कथांना त्यांची गरज आहे म्हणून.

इथे कुणीतरी तुम्हाला हमखास बहिणाबाईंचं नाव सांगेल. खानदेशात ती रीतच आहे. 'आसोद्याची ती माउली एक अक्षर शिकली नव्हती, आज विद्यापीठाला तिचं नाव आहे, मग तुझं कुठे अडलं?' हे सांत्वन घेऊ नका. बहिणाबाई रचत होत्या गाण्यात, जात्यावर आणि शेतात, एका जित्या परंपरेच्या आत. तुम्ही लिहिताय गद्य कथा, छापील पानासाठी. दोन कामांची अवजारं वेगळी. शिवाय ती गाणी आपोआप पुस्तकात गेली नाहीत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी उतरवून ठेवली, आणि अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली, बहिणाबाई गेल्यावर, ती छापली गेली. अक्षरओळखीवाचून काही अडत नाही असा याचा अर्थ काढणं हा त्या माउलीवरही अन्यायच.

त्यातली मला महत्त्वाची वाटते ती उतरवून घेण्याची गोष्ट. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. गुरुजी त्याआधी तुमच्याच अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आपल्या या भागातून महाराष्ट्राच्या घराघरांत गेलेली दोन पुस्तकं, गाणी आणि गीता प्रवचनं, दोन्ही कुणीतरी दुसऱ्याचं बोलणं मन लावून ऐकलं आणि कागदावर धरलं म्हणून आपल्याला मिळाली.

हे तुम्हाला का सांगतोय? तुमच्या दुसऱ्या कथेतली सासू बोलते ती आकाशवाणीच्या बातम्यांसारखी. 'सूनबाई, आपण उशीर केलात.' अमळनेर तालुक्यात कोणत्या सासूने सुनेला 'आपण' म्हटलंय ते मला दाखवा, मी चहा पाजतो! पत्रात मायच्या तोंडचं अहिराणी वाक्य तुम्ही किती सहज लिहिलंत, आणि कथेत शिरताना ती भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवलीत. शिबिरात ग्रंथसंग्रहाची थाप मारणारी आणि सासूला पुणेरी करणारी ताई एकच आहे. पुढच्या वेळी माहेरी जाल, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) म्हणा किंवा कानबाईच्या सणाला, तेव्हा एक वही न्या. माय बोलते ते तसंच उतरवा, तिच्या ठेक्यात, दुरुस्त न करता. रोज अर्धं पान पुरे. कथेत वापरायचं की नाही ते नंतर बघू. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं अहिराणीत, हेही चालतं. वाचक तेवढा अडाणी नसतो.

आता लेखाचं. नाही म्हणून कळवलंत तर सुटाल, पण तो विषय पुढच्या प्रत्येक फेरीत तुमची वाट बघत बसेल. थाप पुढे चालवलीत तर ८०० शब्द भरायला तुम्हाला न वाचलेल्या पुस्तकांची नावं शोधावी लागतील आणि लेख इतर दहा लेखांसारखा होईल. पापपुण्य जरा बाजूला ठेवलं तरी लिहिणारी म्हणून तो तोट्याचाच सौदा आहे. रोखपालाला हे मी सांगावं का?

खरं लिहायचं ठरवलंत तर अंक छापून यायच्या आधी त्या ज्येष्ठांना एक फोन करा. लांबलचक कबुलीजबाब नको. 'सर, शिबिरात मी ग्रंथसंग्रह म्हणाले, तो रद्दीचा ढीग होता, लेख त्याच्यावर लिहितेय,' इतकंच. संपादक म्हणून त्यांना आनंदच होईल असा माझा अंदाज आहे. बाकी शिबिरार्थींना वेगळं काही कळवायची गरज नाही, लेख आहेच. मायला मात्र आधी वाचून दाखवा. दुकान तिचंही होतं.

आणि एक जपा. हा लेख लिहिताना हात आपोआप दारिद्र्याच्या वर्णनाकडे जाईल. फाटका फ्रॉक, चिमणीचा उजेड, डोळ्यांत पाणी. शहरातल्या वाचकाला ते आवडतं, त्याला हळहळता येतं. पण तुमच्या पत्रात कुठेही तुम्ही केविलवाण्या नव्हता. गल्ल्यावर बसलेली, तराजू येणारी, उधारीची वही लिहिणारी मुलगी होती ती. तेव्हा दुकानातली एकच संध्याकाळ घ्या. पुडी कशी वळतात ते लिहा, कारण आता कॅरीबॅगच्या दिवसांत ते पाहिलेली मुलं राहिली नाहीत. कोणत्या कागदात काय बांधायचं हे अण्णा कसं ठरवायचे ते लिहा. मग ते एसटी स्टँडचं पान येऊ द्या. ८०० शब्द पुरणार नाहीत, बघा.

आता वाचायचं म्हणाल तर रात्री पुस्तक धरलं की दहा मिनिटांत झोप येते, असं तुम्ही लिहिलंय. येणारच. दिवसभर नोटा मोजून, स्वयंपाक उरकून रात्री साडेदहाला पुस्तक उघडलं तर मलाही येते. सकाळी बँकिंग सुरू व्हायच्या आधीची पंधरा मिनिटं, नाहीतर दुपारच्या डब्यानंतरची दहा, अशी वेळ काढा. यादी करू नका, 'वाचलीच पाहिजेत अशी १०० पुस्तकं' तर मुळीच नको. त्या याद्या पाहून वाचन सुरू होत नाही, नुसती लाज वाढते. तालुक्याच्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या. वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाहून फार नसते. तिथल्या ग्रंथपालांना सांगा, मला मधूनच सुरू होणारी कादंबरी द्या. विचित्र मागणी केली की ग्रंथपाल खुलतात, हा अनुभव आहे.

एक सराव सांगतो, हा खास तुमच्यासाठी. तुमच्यासारखं उशिरा सुरू करणाऱ्या कुणालाही चालेल. एखादी चांगली कथा घ्या आणि निम्म्यावर पुस्तक मिटा. पुढचं स्वतः लिहा, दोन पानं. मग उघडून लेखकाने काय केलंय ते बघा. तुमचं कुठे घाईचं झालं, त्याने कुठे थांबायची हिंमत केली, ते पेन्सिलीने समासात लिहा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत लिहा, नाहीतर मला शिव्या खाव्या लागतील. तुम्ही लहानपणी नेमकं हेच करत होतात, फक्त तेव्हा ताडून पाहायला पुढचं पान नव्हतं. आता आहे. कादंबरीला हा सराव लावू नका. ती सलग, आळसावून वाचा.

पुस्तक छापायची वेळ येईल तेव्हा राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा. पण आधी आणखी पाच-सहा कथा होऊ द्या.

लेकीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ती २० पानं आजपासून बंद. तुम्ही तिच्याकडून स्वतःचं राहिलेलं बालपण वाचून घेताय, आणि दहा वर्षांच्या पोरीला ते ओझं कळतं, नाव देता येत नाही एवढंच. पत्रात तिचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून दिलंय, 'मम्मी, तू तर कधीच वाचत नाहीस.' मला ते अचूक निरीक्षण वाटलं. तिला तुम्ही लिहिता हेही माहीत नाही! ११ कथा कपाटात साड्यांखाली, आणि मुलीला मात्र लेखकाच्या बालपणाची शिकवणी.

तीन हजारांची पुस्तकं खालच्या फळीवर ठेवून द्या, काही बोलू नका. बालभारतीचा 'किशोर' १९७१पासून निघतोय आणि त्याचे जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. मुलगी मोबाइल सोडत नाही ना, मग मोबाइलवरच ते उघडे ठेवा. तिने चित्रं पाहून बंद केले तरी हरकत नाही. आणि रात्री झोपताना तिला तुमची एखादी कथा सांगा, वाचून नव्हे, सांगून. डब्याचं झाकण उघडेपर्यंत सांगा आणि दिवा घालवा. ती चिडेल. दुसऱ्या रात्री शेवट तिला सांगू द्या. तिने सांगितलेला शेवट भिकार असला तरी दुरुस्त करायचा नाही, हे तुम्हाला जड जाईल.

ती लेखक होईल का? कदाचित सायकलपटू होईल. तुमच्या भावाने तुमच्याइतक्याच गोष्टी ऐकल्या, आणि तो आज शिरपूरला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, मजेत आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

भावावरून आठवलं. त्या रात्री तुम्ही त्याला काय शेवट सांगितलात, डब्यात काय निघालं, ते पत्रात नाही. तुम्हाला आठवत नसेल तर लेखाला बसण्याआधी त्याला फोन करा. त्याला नक्की आठवत असेल, ऐकणाऱ्याला जास्त आठवतं. दोघांच्या डब्यांत वेगवेगळं निघालं, तर दोन्ही लिहून मला पाठवा.